आईच्या जोडीला कोण?

कुठल्याही संस्थेत गेले की मी आधी खुर्च्या बघते. मूल बसतं कसं यावर ते खातं कसं हे ठरतं, आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या बाबतीत खाण्यावरच पुढचं सगळं अवलंबून असतं. कंबर खुर्चीच्या पाठीला टेकलेली, गुडघे काटकोनात, पावलं फळीवर टेकलेली असली की मान सावरते, हनुवटी किंचित खाली येते आणि घास नीट अन्ननलिकेत उतरतो. तेच मूल मांडीवर आडवं असेल, मान मागे पडलेली असेल आणि घास वरून तोंडात सोडला जात असेल, तर वरणभात श्वासनलिकेत जातो. वरचेवर न्यूमोनिया होणारी कितीतरी मुलं माझ्याकडे येतात. त्यांच्या फायलीत औषधांची भलीमोठी यादी असते, भरवायचं कसं याची एक ओळही नसते.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. माझं काम मुळशी तालुक्यात चालतं : पौड, कोळवण खोरं, ताम्हिणीच्या वाटेवरच्या वाड्या. पिरंगुटपर्यंत शहर आलं आहे, पण धरणाच्या पलीकडच्या वाडीतून आठवड्याला थेरपीसाठी मूल आणायचं तर आईचा अख्खा दिवस आणि मजुरी जाते. भातलावणीच्या दिवसांत तर कुणी येतच नाही, आणि त्यांनी यावं अशी अपेक्षा मीही करत नाही. म्हणून मीच जाते. प्रत्येक घरात, पडवीत बसून व्यायाम दाखवून झाले की एक प्रश्न हमखास येतो : "ताई, माज्या माघारी ह्याचं कोन बघनार?"

हा प्रश्न डोक्यात घेऊनच मी स्कॉटलंडला गेले होते. अ‍ॅबर्डीन शहराच्या बाहेर, डी नदीच्या काठावर कॅम्पहिल ही ख्रिस्ती धर्मादाय संस्था अपंग मुलांची निवासी शाळा चालवते. आमच्या क्षेत्रात तिचं नाव मानानं घेतलं जातं. मला तिथले उपचार बघायचे होते. बघून आले ते मात्र तिथलं घर.

तिथे वसतिगृह असं काही नाही. मोठ्या बागेत, झाडांच्या आड वेगवेगळी घरं आहेत. एकेका घरात काही मुलं आणि त्यांना सांभाळणारी माणसं राहतात. काही जण आपल्या कुटुंबासह, स्वतःच्या मुलाबाळांसह राहतात, आणि जगभरातून आलेली तरुण मुलंमुली वर्षभरासाठी मदतीला असतात. सगळे एकाच टेबलाशी जेवतात. जेवणाआधी हात धरून प्रार्थना होते. श्लोक म्हणून ताटाला हात लावायची रीत ज्या घरात आहे तिथून आलेल्या मला त्यात परकं काही वाटलं नाही. टेबलाशी प्रत्येक मुलाची खुर्ची वेगळी होती, त्याच्या अंगाच्या मापाची, पण टेबल एकच. आपल्याकडच्या चांगल्या म्हणवणाऱ्या संस्थांतही मुलांची पंगत आधी उरकते आणि कर्मचारी नंतर वेगळे जेवतात. खरं तर सगळ्यांबरोबर जेवताना मूल जितकं शिकतं तितकं माझ्या तासाभराच्या सत्रात शिकत नाही : वाट पाहणं, मागणं, नको म्हणणं, दुसऱ्याला वाढणं.

ही संस्था उभी राहिली ती एका निर्वासिताच्या हातून. डॉ. कार्ल कोनिग हे व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ, जन्म १९०२चा, ज्यू घरातला. तरुणपणी स्वित्झर्लंडमध्ये, नाताळाआधीच्या पर्वात, त्यांनी अपंग मुलांचा एक सोहळा पाहिला. शेवाळाच्या नागमोडी वाटेवरून एकेक मूल हातात मेणबत्ती घेऊन मधल्या ज्योतीकडे जात होतं आणि आपली ज्योत पेटवून परत येत होतं. याच मुलांसाठी जगायचं, असं त्यांनी तेव्हा ठरवलं. १९३८मध्ये नाझी ऑस्ट्रियात शिरले आणि कोनिग यांना देश सोडावा लागला. १९३९मध्ये अ‍ॅबर्डीनशरमधल्या कर्कटन हाउस या जुन्या घरात त्यांनी, त्यांच्या पत्नी टिला यांनी आणि व्हिएन्नातल्या तरुण सोबत्यांनी पहिली मुलं सांभाळायला घेतली.

त्याच वर्षी जर्मनीत अपंगांना मारण्याची सरकारी मोहीम सुरू झाली. ऑगस्ट १९४१पर्यंत तिच्या विषारी वायूच्या केंद्रांत सुमारे ७०,००० माणसं मारली गेली. त्यांना मारायला पाठवण्याच्या कागदांवर डॉक्टरांच्या सह्या होत्या. आमच्या पेशाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे शिकवलं गेलं पाहिजे. जे ज्ञान मुलाची तपासणी करतं तेच त्याला 'निरुपयोगी' ठरवायलाही वापरता येतं, आणि वापरलं गेलं आहे. त्या काळात त्याच भाषेचा एक डॉक्टर परक्या देशात तशाच मुलांना आपल्या ताटाशी घेऊन बसला होता.

पुढचा प्रसंग मला याहून मोठा वाटतो. १९४०मध्ये ब्रिटनने शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून कोनिग आणि त्यांच्या पुरुष सोबत्यांना नजरकैदेत टाकलं. नवं घर ठरलं होतं, ते कॅम्पहिल, पण जाणार कोण? १ जून १९४० रोजी बायका मुलांना घेऊन तिथे राहायला गेल्या. भाषा तोडकीमोडकी, पैसा नाही, युद्ध चालू. चळवळीला नाव मिळालं ते या घरावरून. आज वीसहून अधिक देशांत कॅम्पहिलच्या शंभरावर वसाहती आहेत. इंग्लंडमधलं बॉटन हे प्रौढांसाठीचं पहिलं गाव १९५५मध्ये सुरू झालं.

त्यांच्या श्रद्धेबद्दल स्पष्ट लिहायला हवं. कॅम्पहिलची बैठक तत्त्वज्ञ रुडॉल्फ स्टायनर यांच्या विचारांची आहे, आणि तो ख्रिस्ती भाव कुठल्या एका चर्चशी बांधलेला नाही. शनिवारी संध्याकाळी घरातली मंडळी नीटनेटके कपडे करून एकत्र जेवतात आणि बायबलमधला उतारा वाचतात. त्यांच्या काही उपचारकल्पना मला पटत नाहीत. रंग आणि सूर यांचे जे परिणाम ते सांगतात त्यांना माझ्या शास्त्रात पुरेसा आधार नाही. पण प्रत्येक माणसाच्या आत एक अभंग, निरोगी गाभा असतो आणि अपंगत्व त्याला शिवत नाही, ही त्यांची श्रद्धा मुलाला कपडे घालणाऱ्या हातांत दिसते. मुलाच्या अंगाला हात लावण्याआधी त्याला सांगितलं जातं. ज्याला बोलता येत नाही त्यालाही सांगितलं जातं.

श्रद्धेतून अपंगांसाठी काम उभं राहणं महाराष्ट्राला नवं नाही. मुंबईत बहिऱ्या मुलांसाठी पहिली शाळा १८८५च्या सुमारास काढली ती बिशप लिओ म्यूरिन यांनी. १९००मध्ये, दुष्काळाच्या वर्षी, अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी मुंबईत अंधांची शाळा सुरू केली. तीच आजची दादरची कमला मेहता अंधशाळा. आणि आमच्या पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. तिथे दुष्काळातून आलेल्या बायकामुलींत आंधळ्या मुली होत्या. रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई हिने त्यांना ब्रेल शिकवलं. रमाबाईसुद्धा परदेशातल्या संस्था बघून आल्या होत्या. लंडनजवळ फुलहॅम इथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना जवळ करणाऱ्या जोगिणींचं काम पाहून त्यांचं मन बदललं, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. रमाबाईंच्या धर्मांतरावर आपण शंभर वर्षं वाद घातला. केडगावच्या आंधळ्या मुलीच्या बोटांखाली अक्षरं आली, याची नोंद त्या वादात फारशी कुणी घेतली नाही. मला तीच नोंद महत्त्वाची वाटते.

मात्र श्रद्धा आहे म्हणून देखरेख नको, असं होत नाही. फ्रान्समध्ये १९६४ साली जाँ व्हानिए यांनी 'लार्श' ही अशीच एकत्र राहण्याची चळवळ सुरू केली. जगाने त्यांना संतपदी बसवलं. त्यांच्या मृत्यूनंतर २०२० आणि २०२३मध्ये संस्थेनेच नेमलेल्या चौकशांतून त्यांनी अनेक स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याचं उघड झालं. त्या स्त्रिया अपंग नव्हत्या. ज्या बोलूच शकत नाहीत त्यांची जोखीम किती मोठी, हे वेगळं सांगायला नको. संस्थेने स्वतःहून चौकशी नेमली आणि निष्कर्ष जाहीर केले, हे मला मोलाचं वाटतं. निवासी संस्था कुणाचीही असो, मठाची, मिशनची किंवा सरकारची, तिथे बाहेरच्या माणसाला न सांगता येऊन बघता आलं पाहिजे.

मग मुळशीत काय करायचं? पालक मला विचारतात, "तिकडच्यासारखं होस्टेल इथं काढा ना." लहान मुलांसाठी मी ते काढणार नाही. स्कॉटलंडमध्ये स्थानिक प्रशासन मुलाचा खर्च उचलतं आणि देखरेखीची यंत्रणा आहे. इथे तशी व्यवस्था नसताना सहा वर्षांचं मूल आईपासून तोडून इमारतीत ठेवणं मला मान्य नाही. त्याचं गाव, त्याची आजी, गोठ्यातली गाय, अंगणात ओळखीची चार माणसं, हे कुठल्याच संस्थेला उभं करता येत नाही. प्रौढांची गोष्ट निराळी. आमच्याच कोळवण खोऱ्यात साधना व्हिलेज १९९४पासून बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांबरोबर अशी एकत्र राहण्याची रीत चालवत आहे. ती मिशनची संस्था नाही, पण एका छपराखाली, एकाच स्वयंपाकावर राहण्याची तिथली पद्धत बघितली की मला डी नदीचा काठ दूर वाटत नाही.

कॅम्पहिलहून परतल्यापासून 'माघारी कोण' या प्रश्नाकडे मी वेगळं बघते. माघारीची तरतूद हवीच. नॅशनल ट्रस्टच्या १९९९च्या कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगत्व असलेल्या प्रौढासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. मूल अठरा वर्षांचं झालं की हे करा, असं मी प्रत्येक घरात सांगते. याच ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, आणि तालुक्यातल्या पुष्कळ घरांना तो ठाऊक नाही. पण हे कागद झाल्यावरही आज, आत्ता, आईच्या जोडीला कोण आहे? बारा वर्षांच्या मुलाला ती दिवसातून कितीदा तरी उचलते. त्याच्या अंगातला ताठरपणा तिच्या कमरेवर येतो. पाठीचं दुखणं, उतरलेलं अंग, वर्षानुवर्षं टाळलेलं ऑपरेशन हे मी आयांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा बघते. एकीला सख्ख्या भावाच्या लग्नाला जाता आलं नाही, कारण मुलाला रात्री कूस बदलवावी लागते आणि ते दुसऱ्या कुणाला जमत नाही.

स्कॉटलंडमध्ये १ एप्रिल २०१८पासून सांभाळणाऱ्यांसाठीचा कायदा लागू आहे. त्यात आईवडिलांची गरज मुलापेक्षा वेगळी मोजली जाते, आणि त्यांना विसावा देण्यासाठी कोणत्या सोयी आहेत हे स्थानिक प्रशासनाला जाहीर करावं लागतं. आपल्याकडे नॅशनल ट्रस्टची 'समर्थ' योजना कागदावर याच कामाची आहे. मुळशीसाठी मला त्या धर्तीचं एक लहान घर हवं आहे. चार मुलं, चार-पाच दिवस. आईने माहेरी जावं, लावणी उरकावी, दवाखान्यात भरती व्हावं किंवा नुसतं झोपावं. मुलाने तोवर इथे राहावं आणि मग आपल्या घरी परत जावं.

काही पालक आणि मी कोळवणच्या रस्त्यावर जागा बघत आहोत. एका घराला उंबरा आणि तीन पायऱ्या आहेत. उतार करून द्यायला घरमालक तयार आहेत. रात्री थांबायला तयार असलेल्या बायकाही आसपासच्या गावांत आहेत, आणि त्यांतल्या दोघींची स्वतःची मुलं माझ्याकडे येतात. मुलाला उचलायचं कसं, भरवायचं कसं, फिट आली तर काय करायचं आणि काय करायचं नाही, हे त्यांना शिकवण्याचं काम माझं. त्यांच्या तीन वर्षांच्या पगाराची तजवीज झाली की घर सुरू करायचं, असं ठरलं आहे.