पेला आणि प्रमाण

बऱ्हाणपूरच्या इतिहासात मद्याची कथा जुनी आहे आणि ती सुखाची नाही. अकबर बादशहाचा धाकटा पुत्र दानियाल १६०५ साली याच शहरात अतिमद्यपानाने गेला. बापाने त्याच्यावर पहारे बसवले होते. सासरे अब्दुल रहीम खानखानान यांच्याकडे ती जबाबदारी होती. तरीही एका सेवकाने शहाजाद्याच्याच आवडत्या बंदुकीच्या नळीतून मद्य आत नेले. नळीतील गंज व दारूचा अंश त्यात उतरला आणि त्यानेच घात केला, असे त्याचा भाऊ जहांगीर याने आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहे. बंदुकीची दारू आणि पिण्याची दारू यांना आपल्या भाषेत एकच शब्द आहे. येथे तर दोन्ही एकाच नळीत भेटल्या. पुढे १६२६ साली जहांगीराचा मुलगा परवेझ याचाही याच शहरात, याच व्यसनाने अंत झाला.

या कथेतून मनाई निरुपयोगी असते, असा अर्थ कोणी काढतील. मला त्यात वेगळेच दिसते. जे चोरून आणावे लागते, त्याला माप राहत नाही. नळीतून आलेली दारू किती, हे कोण मोजणार?

१७६०च्या उदगीरच्या विजयानंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. तेव्हापासून येथे मराठी घरे नांदत आहेत. आमचेही त्यांतलेच एक. सोवळेओवळे पाळणाऱ्या या घरात ‘दारू’ हा शब्द उच्चारला जात नसे. तरीही माझे धाकटे दीर पीत असत. कोठीच्या खोलीत, गव्हाच्या कणगीमागे त्यांची बाटली असे. ते घरात सर्वांना ठाऊक होते आणि कोणालाच ठाऊक नव्हते. चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले. येणाऱ्याजाणाऱ्याला घरातून ‘कावीळ’ एवढेच सांगण्यात आले. गंमत अशी, की त्याच कोठीच्या फळीवर सासूबाईंची द्राक्षासवाची बाटली उघडपणे उभी असे. आसवांत आंबवण्याच्या क्रियेने मद्यांश आपोआप तयार होतो, हे वैद्यकाला मान्य आहे. पण सासूबाई ते बाळंतिणीला चमच्याने मोजून देत. एका बाटलीला चमचा होता, दुसरीला नव्हता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययावर स्वतंत्र अध्याय आहे. आपल्या पूर्वजांनी या विषयाकडे डोळे मिटून घेतले नव्हते. ते आपण मिटले.

दोन वर्षांपूर्वी नाशिकला मुलाकडे गेलो असताना त्याने आम्हां उभयतांना एका चांगल्या हॉटेलात जेवायला नेले. सूनबाई बरोबर होती. वेटरने वाइनची यादी आणून ठेवली, तेव्हा माझी नजर यजमानांकडे गेली. गेलेला भाऊ त्यांच्या पाठचा. मुलाने यादी लपवली नाही, की ‘जरा बाहेर जाऊन येतो’ असे निमित्तही काढले नाही. तो सरळ म्हणाला, “बाबा, जेवणाबरोबर मी एक पेला घेणार आहे. तुमची हरकत असेल तर नाही घेत.”

यजमान बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, “एक म्हणजे किती?”

“दीडशे मिलिलिटर. आणि परतताना गाडी ही चालवणार आहे. ती घेत नाही.”

“आमच्या भाऊने कधी आकडा सांगितला नाही,” एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी पाण्याचा पेला पुढे ओढला. तीस वर्षांत त्यांच्या तोंडून भावाच्या पिण्याचा उल्लेख मी प्रथमच ऐकला.

त्या दिवशी मुलाने निवड कशी केली, ते मी कुतूहलाने पाहत होते. वाचकांपैकी अनेकांची मुले पुण्या-मुंबईला वा परदेशी आहेत. त्यांच्यासोबत असा प्रसंग कोणावरही येईल, म्हणून येथे लिहिते. नाशिकची द्राक्षे आपल्याला खाण्याची म्हणून ठाऊक. पण सुला या कारखान्याची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने या उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आखले. तेव्हापासून तिकडच्या हॉटेलांत देशी वाइन सहज मिळते. बाटली साधारण ७५० मिलिलिटरची, म्हणजे पाच पेल्यांची. एकट्यासाठी बाटली मागवू नये. पुष्कळ ठिकाणी पेल्यावरही मिळते. हॉटेलातील दर दुकानापेक्षा बराच चढा असतो, म्हणून यादीतील किंमत आधी पाहावी आणि ‘एवढ्यात बसणारी सांगा’ असे वेटरला निःसंकोच म्हणावे. त्यात कमीपणा नाही.

पदार्थ पाहून वाइन निवडावी. लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा असतो. तिखटाबरोबर तो जिभेला अधिकच झोंबतो. आपल्या खानदेशी शेवभाजीपुढे ती लाल वाइन टिकायची नाही. मसालेदार जेवणाला शेनिन ब्लाँसारखी किंचित गोडसर, थंड केलेली पांढरी वाइन बरी. तुरट लाल शिराझ मांसाहाराला शोभते. बाटली मागवली तर वेटर आधी तिची चिठ्ठी दाखवतो, मग पेल्यात घोटभर ओततो. तो घोट आवडीनिवडीसाठी नसतो. मागवलेली तीच आहे ना आणि ती बिघडलेली नाही ना, एवढेच पाहायचे असते. कुबट वा शिरक्यासारखा वास आला तर परत करण्याचा आपला हक्क आहे. नुसती आवडली नाही म्हणून परत करणे मात्र शिष्टाचाराला धरून नाही.

हे सारे सांगताना वाइन म्हणजे सरबत, असा समज मला पसरवायचा नाही. तिच्यात साधारण १२ ते १४ टक्के मद्यांश असतो. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. म्हणून ‘नको’ म्हणणाऱ्याचा मान घेणाऱ्यापेक्षा अधिक राखला पाहिजे. कारण विचारू नये, आग्रह तर मुळीच करू नये. आपल्याकडे पंगतीत जिलबीचा आग्रह शोभतो, पेल्याचा शोभत नाही. आम्ही दोघांनी त्या रात्री पाणीच घेतले आणि सूनबाईने लिंबू सरबत. जेवणाच्या रंगतीत काही उणे पडले नाही. उरलेली वाइन वाया जाईल म्हणून संपवणे, ही काटकसरही कामाची नाही.

घरातील तरुणांना चार गोष्टी ठणकावून सांगण्याचा आपल्याला अधिकार आहेच. पण त्यांनी त्या ऐकाव्यात असे वाटत असेल, तर त्यांना आपल्यासमोर बोलता आले पाहिजे. खानखानानांचे पहारे कडक होते. नळीत काय आहे, हे मात्र कोणी पाहिले नाही. घरातल्या कणगीमागे काय आहे, हे विचारायचे धाडस आमच्या पिढीतल्या फार थोड्या घरांत होते. ‘किती?’ हा प्रश्न जेवणाच्या ताटावर, सर्वांसमोर, आवाज न चढवता विचारता आला पाहिजे. माझ्या दिरांना तो कोणी विचारला असता तर ते वाचले असते की नाही, हे देव जाणे. नातवंडे मोठी होत आहेत. त्यांना तो विचारण्याची पाळी आता आपली आहे.