ओळखीचा आवाज

जव्हारजवळच्या शिरपामाळावर उभं राहिलं की आधी जाणवतो तो वारा आणि मग मोकळेपणा. 1664 च्या सुरत स्वारीच्या वाटेवर छत्रपती शिवाजी महाराज इथं थांबले आणि जव्हारच्या राजांनी त्यांचं स्वागत केलं, ही आठवण या माळानं जपली आहे. मला हा माळ आणखी एका गोष्टीसाठी मोलाचा वाटतो. इथं आवाजाला भिंत नाही. कुणी हाक मारली तर ती जशी निघाली तशी कानावर येते आणि पुढे निघून जाते. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो, हा पुस्तकातला नियम इथं चालता चालता कानाला कळतो. घरात तो कळत नाही. घरात आपण जे ऐकतो त्यातला मोठा वाटा भिंतींचा, छताचा आणि लादीचा असतो.

घरच्या स्टिरिओसाठी परवडणारे आणि बारकावे दाखवणारे छोटे स्पीकर कसे निवडावेत, असं कुणी विचारलं की माझं उत्तर या माळापासून सुरू होतं. कारण खरा आवाज कसा असतो हे ज्या कानाला ठाऊक आहे, त्याच कानाला यंत्राचा आवाज पारखता येतो. आणि आमच्या जव्हार-मोखाड्याचा कान या बाबतीत श्रीमंत आहे. भाताची कापणी झाली की पाड्यापाड्यांत तारपा घुमू लागतो. सुकवलेला दुध्या भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, मेणानं बुजवलेले सांधे आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा नाकानं श्वास घेत गालातली हवा भोपळ्यात सोडत राहतो, म्हणून सूर तुटत नाही. एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेली माणसं त्याच्याभोवती फेर धरतात. तो वळला की कर्णा वळतो, आवाज जवळ येतो, लांब जातो. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांचं सारं आयुष्य या एका वाद्यात गेलं. संगीत नाटक अकादमीनं त्यांचा सन्मान केला, तो या श्वासाचाही सन्मान होता.

हा तारपा ऐकून पाहा. त्याच्या सुरात एक खरखर आहे. बांबूच्या जिभेची थरथर, भोपळ्याच्या पोकळीची घूम आणि अधूनमधून हवेची फुसफुस, हे सगळं मिळून तो तारपा होतो. चांगल्या स्पीकरचं काम एवढंच की ध्वनिमुद्रणात ही खरखर असेल तर ती तेवढीच ठेवायची. वाढवायची नाही, पुसायचीही नाही.

स्वस्त स्पीकर बहुतेक वेळा इथंच फसवतात. वरचे सूर थोडे उचलले की गाणं एकदम स्वच्छ वाटतं. खालचा धमाका थोडा फुगवला की भारदस्त वाटतं. दुकानातल्या पाच मिनिटांत असा स्पीकर बाजी मारतो आणि घरी तासाभरात कान शिणवतो. झांजांचा चमचमाट म्हणजे बारकावा नव्हे. मोठ्या आवाजाच्या शेजारी असलेला लहान आवाज दबून न जाणं, हा खरा बारकावा.

तो तपासायला आपल्याकडे तंबोऱ्याइतकं चांगलं साधन नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज साधारण 139 हर्ट्झवर असतो. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 च्या आसपास. खालचे सूर वाजवणारा वूफर पाच इंची असलेले चांगले छोटे स्पीकर 55 ते 60 हर्ट्झपर्यंत उतरतात. म्हणजे खर्ज त्यांच्या आवाक्यात आहे. भिंतीएवढ्या खोक्यांची गरज नाही. वर जवारीतून उमलणारे स्वर वरचे सूर वाजवणाऱ्या ट्वीटरच्या वाट्याला येतात. खर्ज आणि जवारी एकाच तारेतून निघाल्यासारखी वाटली, वेगवेगळ्या खोक्यांतून आल्यासारखी नाही, तर वूफर आणि ट्वीटर नीट जुळले आहेत असं समजावं.

मी कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं लावून ऐकते. क्षयानं गाठलेले कुमारजी 1948 मध्ये देवासला गेले आणि त्या आजारातून उठल्यावर जे गायले, त्यात लहान लहान तुकडे आले, मध्ये श्वासाच्या जागा आल्या. त्या जागांमध्ये तंबोरे वाजत राहतात. ज्या स्पीकरवर ती जागा भरलेली ऐकू येते, तो चांगला. ज्याच्यावर तिथं नुसती पोकळी उरते, तो कितीही जोरात वाजला तरी माझ्या घराचा नाही.

छोट्या पेटीतून माणसाचा आवाज खरा वाटावा, ही खटपट जुनी आहे. 1970 च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांना बाहेरच्या कार्यक्रमांच्या गाडीत मावेल असा स्पीकर हवा होता. त्यांनी फूटभर उंचीची पेटी केली, तिला एलएस 3/5 ए हे नाव दिलं. पेटीच्या फळ्या मुद्दाम पातळ ठेवून त्यांना आतून थर लावले, म्हणजे फळीचा स्वतःचा नाद बोलणाऱ्याच्या आवाजात मिसळू नये. समोर बोलणारा माणूस आणि स्पीकरमधून येणारा त्याचा आवाज शेजारी शेजारी ठेवून पारखायची त्या संस्थेची रीत होती. आज बाजारात मिळणाऱ्या अनेक छोट्या पेट्या त्याच शिस्तीच्या वारसदार आहेत. इंग्लंडमध्येच गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी 1932 मध्ये घराच्या तळघरात सुरू केलेल्या व्हार्फडेलनं 1982 मध्ये डायमंड ही लहान, स्वस्त जोडी आणली. चांगला आवाज फक्त पैसेवाल्यांचा नाही, हे अशा पेट्यांनी दाखवून दिलं.

आकडे वाचावेत, पण थोडेच. संवेदनशीलता 85 डेसिबल असलेल्या स्पीकरला 88 च्या स्पीकरएवढं वाजायला दुप्पट वॉट लागतात. ओहमचा आकडा चारवर असेल तर ॲम्प्लिफायरवर ताण येतो, लहान ॲम्प्लिफायरला सहा-आठ बरे. दहा बाय बाराच्या खोलीत साध्या ऐकण्याला मोजके वॉट पुरतात. म्हणून पैसे थोडे असतील तर मोठा वाटा स्पीकरवर घालावा.

उरलेलं काम खोलीचं. या छोट्या स्पीकरांना बाजारात बुकशेल्फ म्हणत असले तरी पुस्तकांच्या फळीत कोंबून ते बोलत नाहीत. पेटीच्या मागे हवेचं भोक असेल तर भिंतीपासून निदान वीतभर, जमलं तर दोन वीत पुढे ठेवावेत. नाहीतर खालचे सूर फुगतात. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला असावा. दोन स्पीकर आणि आपण यांचा त्रिकोण समभुज असावा. मग गायक दोन पेट्यांच्या मधोमध, जिथं काहीच नाही तिथं, उभा राहतो. कारवीच्या कुडाला शेणामातीचा लेप दिलेल्या जुन्या घरात आवाज मऊ लागतो. नव्या लादीच्या, गिलाव्याच्या खोलीत तोच आवाज टणत्कारतो. तिथं एक सतरंजी, जाड पडदा आणि पुस्तकांची मांडणी हजारो रुपयांचं काम करते.

आमच्याकडे पाऊस हाही विचारात घ्यावा लागतो. चार महिने भिंती ओलसर असतात. दमट हवेत फोमच्या कडा लवकर कुजतात, रबराच्या टिकतात. म्हणून वूफरची कड बोटानं दाबून पाहावी. दाबलेल्या भुशाच्या फळीची पेटी ओलीनं फुगते, तेव्हा ती बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. विजेचा दाब खालीवर होत असेल तर ॲम्प्लिफायरला स्टॅबिलायझर हवा.

एक काळजी मात्र मनातून जात नाही. लग्नात, मिरवणुकीत आता डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि ज्या पोरांच्या आजोबांना तारप्याची चाल बदलली की पाऊल बदलायचं कळत होतं, त्या पोरांच्या कानात नुसता धक्का उरतो. धक्क्याची सवय लागलेल्या कानाला लहान आवाज ऐकू येईनासा होतो. घरातली दोन प्रामाणिक खोकी ही सवय मोडू शकतात, म्हणून मला ती चैन वाटत नाहीत.

म्हणून एवढंच सांगते. नाशिकला जा की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, दुकानदाराचं गाणं ऐकू नका. ज्याचा खरा आवाज तुमच्या ओळखीचा आहे असं मुद्रण सोबत न्या. तंबोरा, हार्मोनियम, घरातल्या माणसाचं बोलणं, काहीही. ज्या दोन जोड्यांतून निवडायचं आहे त्या सारख्याच आणि बेताच्या आवाजात लावायला सांगा, कारण जरा जोरात वाजणारी जोडी नेहमीच सरस वाटते. अर्धा तास बसा. कान थकला नाही आणि ओळखीचा आवाज ओळखीचाच राहिला, तर ती जोडी स्वस्त असो वा नसो, घरी आणा.