निधान

बारावीनंतर चिरंजीवांचे एक वर्ष वाया गेले आणि तेव्हापासून आम्हा बापलेकांतले बोलणे ‘जेवलास का?’ आणि ‘हो’ एवढ्यावर आले. मी महाविद्यालयात शेकडो पोरांना समजावतो, घरातल्या एकाशी मात्र शब्द सापडत नव्हते. म्हणून 2022 च्या पावसाळ्यात, नव्याने घेतलेल्या थारकडे बघत मी सहज म्हणालो, "दसऱ्याच्या सुट्टीत स्पितीला जाऊया?" पोराने वर्षभरात पहिल्यांदा मान वर करून पाहिले.

आंबोलीत पाऊस अडतो आणि अथणीकडे ढग कोरडे पोचतात, हे आपण बेळगावकर जाणतो. तोच प्रकार हिमालयात मोठ्या प्रमाणावर घडतो आणि डोंगरापलीकडे स्पितीचे थंड वाळवंट उरते. वाळू थोडी आणि दगड फार! वाट ग्रांफूहून चंद्रा नदीच्या काठाने बातलला आणि मग साडेचार हजार मीटरवरच्या कुंझुम खिंडीतून जाते.

चिरंजीवांनी लगेच यादी केली : गाडीची उंची वाढवायची, मोठी चाके, टपावर कॅरियर, पुढे दिव्यांची पट्टी. खर्च ऐकून सौभाग्यवतींनी हातातला चहा खाली ठेवला. आम्ही यादी घेऊन उद्यमबागेतल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो.

ते गाडीखाली सरपटत गेले, बाहेर आले आणि म्हणाले, "सर, पोटाखाली वीतभर जागा आहे. 226 मिलिमीटर. पुरे. बदल करून कायद्याच्या भानगडीत कशाला पडता?" ते खरेच होते. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येच स्पष्ट केले आहे. टपावर ओझे चढवले की तिरक्या वाटेवर गाडी कलंडायची भीती वाढते, हेही त्यांनी सांगितले. जड सामान खाली, मागच्या सीटला टेकवून, पट्ट्याने घट्ट बांधायचे.

मग त्यांनी आपली यादी दिली. बारा व्होल्टवर चालणारा हवेचा पंप, हवा मोजायचे मीटर, पंक्चरचे सामान, ओढायचा पट्टा आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी. खडकाळ वाटेवर 32 ची हवा 24 वर आणायची. टायर मऊ झाला की दगडाला कवेत घेतो. कडक टायर दगडावरून उसळतो आणि फाटतो. डांबर लागले की पुन्हा हवा भरायची. मोठा दगड दोन चाकांच्या मध्ये घ्यायचा नाही, चाक त्याच्यावर चढवायचे, म्हणजे पोट वाचते. उतारावर फोर-लो, पहिला गियर, पाय ब्रेकवरून बाजूला.

"आणि घरी एकदा चाक बदलून बघा," ते मुलाला म्हणाले. निघताना मला म्हणाले, "निधान होग्री सर, अवसर माडब्याड्री."

टिळकवाडीतल्या आमच्या अंगणात पोराने तीनदा चाक बदलले. तिसऱ्यांदा मी घड्याळ लावून बसलो होतो.

छत्रूपर्यंत सारे ठीक झाले. पुढे दिवस कलायला लागला, गार वारा सुटला आणि मी हवा कमी करायचा कंटाळा केला. "अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे," असे म्हणत वेगही वाढवला. मुलगा दोनदा म्हणाला, "बाबा, हवा." मी ऐकले नाही. एका धारदार दगडाने मागच्या टायरची बाजू चिरली. तिथे पंक्चरचे सामान उपयोगी पडत नाही. ते फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागासाठी असते.

माझे डोके विरळ हवेने ठणकत होते. मी जॅक घेऊन वाकलो आणि धाप लागली. पोराने हातातून जॅक काढून घेतला. "तुम्ही बसा, बाबा." पायाखाली गोटेच गोटे, फळी नसती तर जॅक रुतलाच असता. त्याने आधी पुढच्या चाकाला दोन दगड लावले, नट सैल केले, मग गाडी उचलली. चौथ्या नटाला थांबून श्वास घेतला. मी टॉर्च धरून उभा होतो.

चाक बसल्यावर त्याने बाकीच्या टायरांतली हवा कमी केली. माझी चूक त्याने एकदाही काढली नाही. मी मात्र त्याचे वाया गेलेले वर्ष जेवणाच्या ताटावर किती वेळा काढले होते!

"चुकलं माझं," मी म्हणालो. त्याला वाटले, टायरचे बोलतोय. तो म्हणाला, "होतं बाबा. आता मी चालवतो."

त्या रात्री बातलला पोचायला फार वेळ लागला आणि त्या वेळात आम्ही खूप बोललो. कानडीत ‘अवसर’ म्हणजे घाई आणि ‘निधान’ म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा. दोन्ही भाषा घरात असल्याचा हा फायदा, मिस्त्रींचे बोलणे मला दोन्ही अर्थांनी कळले.