हळदूचा फाटा

ओसरीवरची सांबराची शिंगं मला आठवतात तेव्हापासून थोटीच. सांबराच्या एकेका शिंगाला तीन टोकं असतात. कपाळाजवळून पुढं येणारा एक फाटा, आणि वर शेंड्याशी दोन. आमच्या डाव्या शिंगाचा कपाळाजवळचा फाटा आजीनं कापून घेतला होता. कुणाची बरगडी धरली की सांबरशिंग सहाणेवर उगाळायचं आणि लेप कोमट करून लावायचा. माझ्या वेळेपर्यंत त्या फाट्याची सुपारीएवढी गाठ उरली होती.

आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. वरच्या रानाचं पुढं आंबाबारवा अभयारण्य झालं. सांबर कुणी मारलं याच्या घरात तीन गोष्टी होत्या आणि तिन्हींत मारणारा आमच्याच घरचा!

आत्याच्या लग्नाआधी आजोबांना ते थोटूक एकाएकी खुपायला लागलं. सुतारकाका आले. उजवीकडचा फाटा बघून त्यांनी हळदूच्या लाकडाचा डावा कोरला. पन्हळीसारख्या रेघा, बुडाशी खरबरीत दाणे, सगळं. थोटकात गिरमिटानं भोक पाडलं, पितळी तार घातली, सरस लावला, सांध्यात लाख भरली.

आता पिवळं लाकूड शिंगासारखं दिसायचं कसं? काकांनी विहिरीत टाकायचं पोटॅश वाटीभर पाण्यात विरघळवलं आणि बोळ्यानं फासलं. फाटा वांग्यासारखा जांभळा झाला. आजोबा ओरडलेच. काका बिडी ओढत बसून राहिले. बघता बघता जांभळा विटला आणि खालून तपकिरी वर आला. मग उन्हानं पांढरट पडलेल्या जुन्या शिंगांवरही तोच हात फिरला. शेवटी काकांनी टोकं पॉलिशपेपरनं घासून फिकी केली.

"हा रंग सांबराचा नसते, पोरा. झाडाचा असते," ते म्हणाले.

ते खरं होतं, हे मला फार उशिरा कळलं. सांबराचं शिंग म्हणजे हाड. ते गळून पडतं, पुन्हा उगवतं. वाढताना त्यावर रक्तानं भरलेली मखमली कातडी असते. ती सुकली की नर खोडांवर शिंगं घासतो. रक्त, सालीचा रस, चीक हाडात मुरतो. टोकं घासून घासून उजळ राहतात. जमिनीवर पडलेलं शिंग ऊन पुन्हा पांढरं करतं, नाहीतर साळिंदर कुरतडून खातं. म्हणजे काका जे फासत होते, ती नक्कल झाडांची.

आज हे काम असं ओसरीवर बसून करता येत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं परवान्याशिवाय अशा वस्तूंना हात लावणं बंद केलं. रानात गळालेलं शिंगही सरकारी मालमत्ता. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९पासून डॉ. संतोष गायकवाडांचं टॅक्सिडर्मी केंद्र मेलेल्या वाघ-बिबट्यांची कातडी साच्यावर चढवून त्यांना उभं करतं. आमची शिंगं वाडा विकताना काकांनी, म्हणजे माझ्या सख्ख्या काकांनी, वनखात्याकडे जमा केली. पंचनाम्यात 'सांबर शिंगे, एक जोड' एवढंच होतं. हळदूची नोंद नव्हती.

लग्नाच्या आदल्या दिवशी आजी ओसरीवर आली. नव्या फाट्यावर नख मारून बघितलं.

"दिसाले झ्याक हाये," ती म्हणाली. "पण उगायता येते का?"

आणि ती सुपारीएवढी गाठ तिनं पानाच्या डब्यातून काढून कनवटीला लावली.