एकशे चौदा बळींचा हिशेब

क्रिकेटच्या आकडेशास्त्रावर सामान्य वाचकास रुचेल असे काही लिहावे, असा संपादकांचा आग्रह आला तेव्हा येथे सोलापुरात नुकत्याच निघालेल्या एका स्मरणिकेतील मजकूर माझ्या मनास टोचत होता. गोलंदाज पालवणकर बाळू यांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात प्रथम श्रेणीचे 114 बळी घेतले, असे तीत छापले आहे. हे विधान असत्य आहे, आणि ते बाळूंच्या गौरवार्थ केलेले असल्याने अधिकच क्लेशदायक आहे.

पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखालील तो भारतीय संघ एकंदर 23 सामने खेळला. त्यांपैकी 14 प्रथम श्रेणीचे होते. सर्व सामने जमेस धरता बाळूंचे बळी 114 व सरासरी 18.84 भरते; केवळ प्रथम श्रेणीचे धरता बळी 75 आणि सरासरी 20.12. उरलेल्या 39 बळींची सरासरी सुमारे 16 पडते, याचा अर्थ ते तुलनेने दुबळ्या संघांविरुद्ध मिळाले, एवढाच निष्कर्ष काढता येतो.

श्रेणीचा वाद मात्र जुना आहे. कोणता सामना प्रथम श्रेणीचा, याची अधिकृत व्याख्या इंपीरियल क्रिकेट कॉन्फरन्सने 1947 साली केली आणि ती पूर्वलक्षी नाही असेही ठरविले. तेव्हा तत्पूर्वीच्या सामन्यांचा फैसला संशोधकांनाच दफ्तरे चाळून, संघांची योग्यता पाहून करावा लागतो, आणि दोन प्रामाणिक ग्रंथांत दोन बेरजा आढळतात त्या याचमुळे. त्यात नियमांची भर पडते. बाय व लेगबाय गोलंदाजाच्या नावे तेव्हाही मांडत नसत, आजही मांडत नाहीत. परंतु वाइड व नो-बॉल यांच्या धावा त्याच्या नावे घालण्याची रीत 1980 च्या दशकातील आहे. म्हणून बाळूंची सरासरी आजच्या गोलंदाजाच्या सरासरीशेजारी तारतम्याविना ठेवणे हा अन्याय होय. ही सारी मांडणी करणाऱ्या गुणलेखकाचे काम केवळ धावा मोजण्याचे, अशी समजूत अद्यापि सर्वत्र आहे. वस्तुतः प्रत्येक चेंडूची नोंद फलंदाजाच्या व गोलंदाजाच्या अशा दोन्ही खात्यांत करून अखेरीस अवांतर धावांसह बेरजा जुळविणे हे त्याचे कर्तव्य असते.

आकड्यांवर माझी निष्ठा आहे, तरी त्यांची मर्यादाही मी जाणतो. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टी राखणाऱ्या व तेथील फलंदाज जे. जी. ग्रेग यांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकणाऱ्या या वेतनधारी चर्मकार गोलंदाजाने 1906 साली मुंबईत युरोपियनांवर हिंदूंना 109 धावांनी मिळालेल्या विजयात वाटा उचलला. परंतु स्वसंघात त्यांना चहा तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे, आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. 1923 साली ते त्यांचे बंधू विठ्ठल यांस मिळाले. हे कोणत्याही पृथक्करणात मांडलेले नाही.

म्हणूनच माझी विनंती आहे की, जो कोणी बाळूंविषयी लिहील त्याने आकड्याशेजारी सामने कोणते, श्रेणी कोणती व नियम कोणते हे अवश्य नमूद करावे. परक्या हवेत, परक्या खेळपट्ट्यांवर, 14 सामन्यांपैकी केवळ दोन जिंकणाऱ्या संघाकडून खेळताना घेतलेले 75 बळी थोरवीस पूर्णतः पुरेसे आहेत. त्यांत पदरचे 39 घालण्याचे काहीच कारण नाही.