तीन चित्रपट, दोन बहिणी

कॅनडातील 'जिंजर स्नॅप्स' मालिकेचे तिन्ही भयपट आम्ही उभयतांनी येथे ओळीने पाहिले. पहिला २००० सालचा, पुढील दोन २००४ चे. पहिल्यात श्वापद चावल्याने सोळा वर्षांची जिंजर घरातच हळूहळू लांडगा होत जाते. धाकटी ब्रिजिट औषधासाठी धडपडते, पण अखेर तिच्याच सुरीने थोरली मरते. दुसऱ्यात ब्रिजिट एकटी, उपचारगृहात कोंडलेली. तिसरा १८१५ सालच्या बर्फाळ किल्ल्यात घडतो. तेथे धाकटी थोरलीबरोबर लांडगा होणेच पत्करते. देखावे तिसऱ्यात उत्तम, तरी आम्हांला पहिलाच सरस वाटला. बाहेरच्या लांडग्याला दार लावता येते. पण आपलेच माणूस परके होऊ लागले तर काय करावे? घरात व्यसनी माणूस सांभाळलेल्या वाचकांना हे भय निराळे सांगावयास नको.