वूमनली की वूमनिश?

आमच्या शिरपूरच्या धर्मग्रामातील एक मुलगी परिचारिकेच्या शिक्षणासाठी शिफारसपत्र मागावयास आली. आम्ही घाईघाईने 'हिच्या अंगी वूमनिश गुण आहेत' असे इंग्रजीत लिहून सही-शिक्का करून दिला. मुलाखतीत त्या शब्दावर हशा पिकला. परत आल्यावर तिने एवढेच विचारले, "फादर, माझ्यात काय कमी दिसलं तुम्हाला?"

सेमिनरीत वर्षानुवर्षे इंग्रजी घोकूनही आम्ही चुकलो होतो. 'वूमनली' हा गौरव आहे. त्यात प्रौढ स्त्रीची माया, धीर व प्रतिष्ठा येते. 'वूमनिश' मात्र हेटाळणी, आपल्या 'बायकी'सारखी, बहुधा पुरुषालाच हिणवण्यासाठी वापरलेली. 'चाइल्डलाइक' आणि 'चाइल्डिश' यांत जे अंतर, तेच येथे. (आपल्या 'बालिश'चा शेवटही तसाच व्हावा, हा निव्वळ योगायोग!) 'फेमिनिन' त्या मानाने अलिप्त, व्याकरणातील लिंगालाही चालतो. 'लेडीलाइक' म्हणजे वागण्याबोलण्यातील घरंदाजपणा. गंमत अशी की, जुन्या इंग्रजीत 'लेडी'चे मूळ 'पावाची कणीक मळणारी' असे आहे. कळण्याची भाकरी थापणाऱ्या आमच्या माउल्यांना हे सांगितले, तेव्हा त्या पदराआड हसल्या.

पण यांतील कोणता शब्द त्या मुलीचा? वडील गेलेले, आई अंथरुणाला खिळलेली. सकाळी कापूस वेचून ही कॉलेजला जाई आणि रात्री आईची सेवा करी.

आम्ही नीतिसूत्रांचा 31 वा अध्याय उघडला. तेथील आदर्श स्त्रीसाठी हिब्रूत 'हायिल' हा शब्द आहे. सैन्याच्या बळासाठीही तोच येतो. शेतात सरवा वेचणाऱ्या विधवा रूथलाही तो लाभला, आणि धनाढ्य बवाजलाही. संत जेरोम यांनी लॅटिनमध्ये 'फॉर्तिस', म्हणजे बलवान, असे केले. डुएच्या कॅथॉलिक भाषांतरात 'व्हॅलियंट' झाले, तर 1611 च्या किंग जेम्स प्रतीत 'व्हर्च्युअस'. बळ गेले आणि सोज्वळपणा उरला, असे आम्हांस वाटते. स्त्रीची स्तुती करताना आपणही असेच करीत आलो आहोत. प्रवचनांत आम्ही स्वतः कितीदा केले असेल!

दुसरे पत्र लिहिण्यापूर्वी आम्ही तिच्या घरी गेलो, क्षमा मागितली आणि आईला विचारले, "तुमची लेक कशी आहे, एका शब्दात सांगा."

माउली अहिराणीत म्हणाली, "खमकी शे मनी पोर!"

शब्दकोशात बराच वेळ शोधले. अखेर 'व्हॅलियंट' लिहिले आणि त्याखाली तिचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, एकही विशेषण न लावता.